आमच्या लॅबला मिळालेल्या एका स्टारविषयी

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांची शुगर घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी ११८ येते आणि आम्ही एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ८.२ दिला, म्हणजे आमचा रिपोर्ट खोटा. शुगरच्या पेशंटची लघवी तपासून आणि बी१२ व्हिटॅमिनची तपासणी लावून आम्ही बिल फुगवलं. पहिल्या दिवशी चहा प्यायला म्हणून वयस्क माणसाला हात हलवत परत पाठवलं. शिवाय रिपोर्ट एक दिवस उशिरा. यातल्या चहाच्या आणि बी१२च्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, त्या चुका आमच्याच. रिपोर्ट खोटा आहे, हे मात्र मला मान्य नाही.

८.२ आणि ११८ हे आकडे तुम्हीच इथे लिहिलेत म्हणून त्यांच्यावर बोलते. रिपोर्टातलं बाकी काही मी इथे लिहिणार नाही, त्याने माझी बाजू भक्कम होत असली तरी. देवगड लहान आहे, आणि कुणाच्या रक्तात काय निघालं याची चर्चा एसटी स्टँडवर व्हावी असं मला वाटत नाही.

आधी चहाचं. तुमचे वडील, म्हणजे काका, पहाटेच्या एसटीने आले आणि काउंटरवर विचारल्यावर खरं तेच म्हणाले, "चाय घेतलंय फक्त, खाल्लंय काय नाय." दूध-साखरेच्या चहाने उपास मोडतो, त्यामुळे फास्टिंग शुगर त्या दिवशी घेता येत नव्हती. पण एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात त्याला आणि लघवीच्या तपासणीलाही नाही. ती सॅम्पलं तेव्हाच घेऊन "फास्टिंगसाठी सवडीने या" म्हणता आलं असतं. आमच्या नवीन मुलाने "उद्या उपाशी या" एवढं सांगून त्यांना परत पाठवलं. तो चुकला, आणि त्याला नीट न शिकवणारी मी जास्त चुकले. आता काउंटरवर कागद लावलाय, कुठल्या तपासणीला किती तास उपास लागतो त्याचा.

ओघाने एक सांगते, कारण हे मी स्वतः पाहिलंय. उपाशी रक्त द्यायचंय आणि तरी सवयीने शुगरची गोळी घेऊन आलेला माणूस बाकावर बसल्या बसल्या घामाने डबडबतो, हात थरथरतात. शुगर खाली जाते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर गोळी खिशात घेऊन यावं आणि रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर घ्यावी. उपास आठ तासांचा पुरतो. पाणी चालतं. रात्री सातपासून पाणीसुद्धा न पिता आलेली माणसं बघितली की जीव तुटतो, शीर सापडत नाही ते वेगळंच.

आता ८.२. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. म्हणून एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यात शेवटच्या महिन्याचं वजन जास्त. ८.२ म्हणजे सरासरी १८९च्या आसपास. घरचा ११८ हा एका सकाळचा, एका मिनिटाचा आकडा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. सकाळची उपाशीपोटीची शुगर म्हणजे ओहोटीची खाडी. रोज ओहोटीलाच बघायला गेलात तर भरतीचं पाणी कुठवर चढतं ते कळणार कसं? आपल्याकडे दुपारी भात, रात्री भात, मध्ये चहाबरोबर बिस्किटं. पाणी चढतं ते तेव्हा. शिवाय जूनमध्ये केलेल्या एचबीए१सीत एप्रिल-मे येतात, आणि देवगडात एप्रिल-मे म्हणजे काय ते मुंबईच्या माणसाला सांगायला नको, पेट्या तुमच्याकडेही पोचतात. तुमच्या घरचं मला माहीत नाही, पण "मी आंबा शिवलाच नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा जूनचा रिपोर्ट वेगळंच बोलतो.

एचबीए१सी कधी चुकीचं चित्र दाखवत नाही असं नाही. लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन उतरलं असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर कमी. म्हणून शंका आली की सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची आणि हिमोग्लोबिनची तपासणी, बघावा लागतो. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर त्याच संध्याकाळी मी फ्रीजमधलं काकांच्या रक्ताचं जांभळ्या टोपणाचं सॅम्पल काढून मशीनवर दुसऱ्यांदा लावलं. काय आलं ते फोनवर सांगेन. पहिला रिपोर्ट बदलण्यासारखं काही निघालं नाही. समाधान होत नसेल तर दुसऱ्या लॅबमध्ये करून घ्या, फरक आढळला तर मला जरूर दाखवा.

मीटरलाही दोष देत नाही, पण त्याची मर्यादा माहीत असावी. १०० किंवा त्याहून जास्त शुगरला १५ टक्के इकडे-तिकडे झालेलं आंतरराष्ट्रीय मानकात चालतं. म्हणजे खरी ११८ असताना मीटरने १०१ दाखवले किंवा १३५ दाखवले, तरी तो पास. त्यात आपली हवा. स्ट्रिपची डबी उघडी राहिली की पावसाळ्यात स्ट्रिप ओल धरतात आणि मग काय वाटेल ते आकडे येतात. फळ कापलेल्या हाताने, हात न धुता बोट टोचलं तर त्या बोटावरचीच साखर मोजली जाते. काकांना सांगा, आठवड्यातून दोन दिवस दुपारी जेवायला बसल्यापासून दोन तासांनी बघा. पहिल्या घासापासून दोन तास, जेवून हात धुतल्यापासून नाही. जेवण आणि गोळ्या नेहमीसारख्याच. आठ-दहा आकडे वहीत लिहिलेत की ८.२ कुठून आला ते बहुतेक वहीच सांगेल.

लघवीच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. ती तपासणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होती. मधुमेहात किडनीवर ताण येऊ लागला की लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन थोडं थोडं झिरपायला लागतं. तेव्हा काही दुखत नाही, पाय सुजत नाहीत, रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा बहुधा नॉर्मल असतं. ते चढलेलं दिसतं तोवर किडनीचं बरंच काम गेलेलं असतं. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं लघवीतलं गुणोत्तर ३०च्या आत असावं, आणि टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाल्यापासून दरवर्षी करायची असते. एकदा जास्त आलं म्हणून कुणी घाबरू नये. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीची अंगमेहनत, कशानेही वाढतं. तीन ते सहा महिन्यांत तीनदा बघून त्यातल्या दोनदा वाढलेलं दिसलं तरच डॉक्टर ते धरतात. वेळेवर कळलं तर औषध आहे. "कशाला लघवी" म्हणून वर्षानुवर्षं टाळलेली माणसं पुढे डायलिसिसला जाताना मी बघितलीत.

बी१२ चिठ्ठीवर नव्हती. आमच्याकडे शुगरचं पॅकेज आहे, त्यात ती होती, आणि न विचारता पॅकेजचं बिल फाडलं गेलं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होऊ शकतं, तेव्हा तपासणी फुकट गेली असं नाही. पण करायची की नाही ते डॉक्टर आणि तुम्ही ठरवायचं, आमच्या काउंटरने नाही. त्या तपासणीचे पैसे काढून ठेवलेत.

रिपोर्टला उशीर झाला तो पहिल्या पावसात वीज गेल्यामुळे. वीज वारंवार येत-जात असताना मशीन चालवून काढलेला आकडा मी कुणाला देत नाही. पण तसा फोन करायला हवा होता, तो केला नाही.

दोन तपासण्या आमच्याकडे होत नाहीत, त्या राहू देऊ नका. डोळ्याच्या पडद्याची, वर्षातून एकदा, बाहुली मोठी करून. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ती झाली असं नाही. आणि पायांची संवेदना. लावणीचे दिवस आहेत, काका चिखलात अनवाणी उतरत असतील तर रात्री तळवे उजेडात बघायला सांगा. बधिर पायाला काटा गेलेला कळत नाही.

बी१२चे पैसे काउंटरवर आहेत, रोख न्या नाहीतर फोनवर पाठवते. पुढच्या वेळी काकांना ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपची डबी घेऊन पाठवा, बोटाचं आणि शिरेतलं रक्त एकाच वेळी तपासून ताडून बघू. त्याचे पैसे नाहीत. आम्ही सकाळी साडेसहाला उघडतो. चहा घेऊन आले तरी येऊ द्या, जे घेता येतं ते घेऊ.