जेंबे पडद्यावर घुमत नाही
'टॅबलेटवर बोट फिरवलं की मुलं जगभरची वाद्यं वाजवू लागतात' हे मुलांच्या वाद्यांच्या अ‍ॅप्सवरच्या एका लेखातलं वाक्य वाचून जरा हसू आलं. शाळांमध्ये अशा काही कार्यशाळा घेतल्यात, म्हणून लिहितेय. आम्ही वापरलेल्या अ‍ॅपमधलं जेंबे (पश्चिम आफ्रिकेतला हाताने वाजवायचा ढोल) कुठेही टॅप करा, एकच 'धप्'. खरं जेंबे मध्यभागी तळव्याने वाजवलं की घुमतं, काठावर बोटं पडली की खणखणतं. मुलांना हे सांगावंही लागलं नाही, हातांनीच शोधून काढलं.

तंत्रज्ञान नकोच, असं मात्र नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या दोघांचा 'मेकी मेकी' हा संगणकाला जोडायचा छोटा बोर्ड २०१२ पासून मिळतो. कागदावर पेन्सिलची जाड रेघ ओढून तिला बोर्डाची क्लिप लावली की ती रेघ कीबोर्डच्या कळीसारखी चालते. आम्ही हातात हात धरून पाच जणांची साखळी केली. पहिल्याच्या हातात बोर्डाची 'अर्थ' (earth) तार, शेवटच्याचं बोट रेघेवर, आणि सूर वाजला! मधल्या एकीने खाज आली म्हणून हात सोडला, तर सगळं गप्प. विद्युतमंडल शिकवायला मग फळा लागलाच नाही.

लेखात गामेलान या इंडोनेशियातल्या वाद्यवृंदाचा उल्लेख आहे, तिथे एक अडचण सांगायची राहिलीय. त्याची स्लेंड्रो ही पाच सुरांची आणि पेलोग ही सात सुरांची रचना पियानोच्या बारा पट्ट्यांत नेमकी बसत नाही. शिवाय प्रत्येक संचाची जुळवणी थोडी वेगळी. त्यामुळे अ‍ॅप घेताना शाळेने आधी एवढंच विचारावं: सूर बदलता येतात का?