मालकाचं उत्तर : ‘प्लेटा चांगल्या होत्या, उगाच बदलल्या’

नमस्कार साहेब,

आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण त्यात तुम्ही जे लिहिलंय ते वाचून उद्या आणखी कोणीतरी स्लिप होणाऱ्या, म्हणजे इंजिनाचा जोर चाकाला पूर्ण न देणाऱ्या क्लचची केबल ताणत बसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बाईकचा क्लच जरासाच स्लिप होत होता, केबल टाइट करून भागलं असतं. आम्ही प्लेटांचा अख्खा सेट बदलून २,८५० रुपयांचं बिल लावलं. घराजवळच्या मेकॅनिकने जुन्या प्लेटा बघून ‘अजून दहा हजार किलोमीटर आरामात गेल्या असत्या’ असं सांगितलं. तुम्ही घातलेलं महागाचं ऑइल आम्ही काढून टाकलं. आणि गाडी दीड दिवस अडकवून ठेवली.

आधी केबल. इथे बहुतेकांचा हिशेब उलटा असतो. क्लच सोडलेला असताना आतल्या स्प्रिंगा प्लेटांना आवळून धरतात, दाबला की प्लेटा सुटतात. केबल गरजेपेक्षा जास्त ताणलेली असेल तर तुम्ही हात काढलात तरी आत क्लच थोडा दाबलेलाच राहतो, प्लेटा पुऱ्या आवळल्या जात नाहीत, आणि क्लच स्लिप होतो. म्हणजे स्लिप होणाऱ्या गाडीची केबल आणखी टाइट केली तर दुखणं वाढणार. टाइट करायची ती उलटी तक्रार असेल तेव्हा : क्लच पूर्ण दाबूनही न्यूट्रल लागत नाही, पहिला टाकला की गाडी हिसका मारते, सिग्नलला क्लच धरलेला असतानाही गाडी पुढे सरकू बघते. दोन्ही तक्रारींना लोक ‘क्लच गेला’ एवढंच म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो.

तुमची गाडी आत घेतल्यावर पहिलं काम केबलचंच केलं. बहुतेक मोटरसायकलींना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, लागतो, तुमच्या गाडीला तो व्यवस्थित होता. केबल आत अडकत नव्हती, हँडल दोन्ही बाजूंना वळवूनही ताण बदलत नव्हता. दोष तिथे सापडला असता तर अ‍ॅडजस्टर फिरवून तुम्हाला पाच मिनिटांत मोकळं केलं असतं. त्याचे आम्ही पैसे घेत नाही, कोथरूडमध्ये कोणालाही विचारा.

मग तुम्हालाच मागे बसवून पौड रोडने भुसारी कॉलनीवरून चांदणी चौकाच्या चढाला नेलं होतं. चौथ्या गिअरला पन्नासचा वेग धरला आणि थ्रॉटल पूर्ण पिळला. आरपीएमचा काटा पाच हजारावरून सात हजारावर गेला, स्पीड मात्र पन्नासचं बावन्न. इंजिन ओरडतंय आणि चाकाला खबर नाही. तुम्ही स्वतः मागून म्हणालात, ‘हो, असंच करते ती.’ क्लच स्लिप होतोय का हे बघायला यापेक्षा खात्रीची परीक्षा माझ्या माहितीत नाही. सपाट रस्त्यावर हळू चालवताना सुरुवातीचा स्लिप कळतही नाही. चढ, वरचा गिअर आणि पूर्ण थ्रॉटल एकत्र आले की लपत नाही. तुम्ही रोज हिंजवडीला जाता-येता, अ‍ॅव्हरेज का पडलं असं विचारत होतात, त्याचंही उत्तर यातच होतं.

आता ऑइल, कारण खरी गोष्ट इथे आहे. तुम्ही काउंटरवर सांगितलंत की कारच्या सर्व्हिसिंगमधलं चांगलं फुल सिंथेटिक उरलं होतं, ते बाईकला घातलं, आणि ‘ते काढू नका, फार महागाचं आहे’. महागाचं होतं, खरं आहे. पण कारचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला नसतो. तुमच्या बाईकचा असतो. कारच्या बऱ्याच नव्या ऑइलांमध्ये मायलेजसाठी घर्षण कमी करणारे घटक घालतात, आणि क्लच तर चालतोच घर्षणावर! म्हणूनच जपानी कंपन्यांनी १९९८ मध्ये मोटरसायकलच्या ऑइलसाठी वेगळं जासो मानक आणलं. डब्याच्या मागे ‘एमए’ किंवा ‘एमए-२’ असं लिहिलेलं असतं, तेच ओल्या क्लचच्या गाडीला घालायचं. ‘एमबी’ लिहिलेलं बिनगिअरच्या स्कूटरसाठी ठीक, कारण तिचा क्लच ऑइलबाहेर कोरडा असतो. तुमच्या डब्यावर यातलं काहीच नव्हतं. किंमत बघून ऑइल घालणारे गिऱ्हाईक आमच्याकडे दर आठवड्याला येतात, त्यात तुम्ही एकटे नाही.

ऑइल नुकतंच घातलेलं असतं आणि स्लिपही तेव्हाच सुरू झाला असता, तर आम्ही फक्त ऑइल बदलून तुम्हाला चार दिवस चालवायला सांगितलं असतं. कधी कधी तेवढ्याने क्लच परत धरतो. पण तुम्हीच म्हणालात की पावसाळ्याआधीपासून असं होतंय आणि हल्ली सिग्नलला जळका वास येतो. वास यायला लागल्यावर ऑइल बदलून काही हाती लागत नाही.

कव्हर उघडलं. तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं की प्लेटा जाड होत्या. त्यांनी मोजल्या कशाने, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बऱ्याच गाड्यांत कोरी प्लेट आणि बाद प्लेट यांच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नसतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, बारीक मोजमापाचा व्हर्निअर लावावा लागतो, आणि आम्ही तो तुमच्यासमोर लावला. तुमच्या प्लेटांपैकी दोन लिमिटच्या खाली होत्या, बाकीच्या जाडीत पास होत्या, हे मी तेव्हाही सांगितलं होतं, लपवलं नाही. पण जाडीत पास झालेल्या प्लेटांचा घर्षणाचा थर चकचकीत काळा पडला होता. चांगल्या प्लेटेवर नख ओढलं की खरखरीत लागतं, यांच्यावरून नख सरकत होतं. अशी प्लेट जाड असून काही उपयोग नाही, ती पकडतच नाही.

आणि तुम्ही रिव्ह्यूसोबत जो फोटो टाकलाय तो जरा मोठा करून बघा. डावीकडून दुसरी प्लेट, म्हणजे घर्षणाच्या (फ्रिक्शन) प्लेटांच्या मधे बसते ती स्टीलची. तिच्या कडेला निळसर-जांभळा पट्टा आहे. तो ऑइलचा डाग नाही, लोखंड तापून रंग बदललाय. ती प्लेट आम्ही काचेवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला, ०.३० मिलिमीटरची पाती सहज आत गेली. जुना तवा जसा मधे खोलगट होतो तशी ती झाली होती. अशा प्लेटेसोबत नवीन फ्रिक्शन प्लेटा घातल्या असत्या तर पहिला सोडताना गाडी थरथरली असती आणि नव्या प्लेटाही लवकर गेल्या असत्या. स्प्रिंगांची लांबी मोजली, दोन आखूड भरल्या. उष्णता त्यांनाही लागलेली असते. त्या बदलायच्याच होत्या आणि सेटमध्ये त्या फार महाग नसतात.

काय बदललं नाही तेही सांगतो, कारण रिव्ह्यूमध्ये ते आलेलं नाही. क्लच हाउसिंगच्या खाचांमध्ये प्लेटांनी हलके चरे पाडले होते. ते आम्ही बारीक कानसने साफ करून तेच हाउसिंग परत लावलं. पैसेच काढायचे असते तर ‘हाउसिंग गेलंय’ म्हणायला किती वेळ लागतो? बिल कुठल्या कुठे गेलं असतं. केबलही जुनीच ठेवली, चांगली होती.

दीड दिवसाचं म्हणाल तर त्यात अडकवण्याचा प्रश्न नव्हता. फ्रिक्शन प्लेटा दुकानात होत्या, तुमच्या मॉडेलच्या स्टील प्लेटा नव्हत्या. पोराला नाना पेठेत पाठवलं, कंपनीच्या मिळायला संध्याकाळ झाली. डुप्लिकेट तासाभरात मिळत होत्या, त्या मीच नको म्हटलं. नव्या फ्रिक्शन प्लेटा आम्ही कोरड्या बसवत नाही, रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवतो, नाहीतर पहिल्याच चालवण्यात त्या करपतात. सकाळी जोडून, ट्रायल घेऊन तुम्हाला फोन केला.

आता एक गोष्ट तुमच्या चालवण्याबद्दल, रागावू नका. ट्रायलनंतर गाडी तुम्ही गॅरेजपासून सिग्नलपर्यंत नेलीत तेव्हा तुमची दोन बोटं सगळा वेळ क्लचवर होती. चढावर थांबताना ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरायचीही तुम्हाला सवय आहे. चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये रोज तासभर असं केलं तर ऑइल कुठलंही असो, प्लेटा तापणारच. एकाच मॉडेलच्या गाड्यांत कोणाच्या प्लेटा वीस हजारात संपतात आणि कोणाच्या साठ हजारानंतरही मूळच्याच असतात, फरक बहुतेक या दोन बोटांचा असतो.

बिलाच्या मागे वापरलेल्या ऑइलचा ग्रेड लिहून दिलाय, पुढच्या वेळी दुसरीकडे बदललंत तरी तोच सांगा. नव्या प्लेटा बसल्या की केबलचा प्ले थोडा बदलतो, म्हणून पाचशे किलोमीटर झाल्यावर एकदा गाडी दाखवून न्या, त्याचे पैसे नाहीत. जुन्या प्लेटा तुमच्याकडेच आहेत, त्याही घेऊन या आणि वाटलं तर त्या मेकॅनिकलाही बरोबर आणा. व्हर्निअर आणि काच इथेच असते, त्यांच्या हाताने मोजू. सकाळी दहाच्या आत आलात तर मला निवांत वेळ असतो. आणि तुमचा उरलेला अर्धा लिटरचा डबा काउंटरखाली ठेवलाय, तो न्यायला विसरलात. कारला चालेल.