गोवर ‘येऊन गेलेला बरा’ नाही

पालकांच्या ग्रुपवर एक निरोप पुन्हापुन्हा फिरतो. म्हणणं असं की, मुलाला गोवराची लस टोचू नका, गोवर येऊ द्या. अंगातली उष्णता बाहेर पडते आणि प्रतिकारशक्ती आतून पक्की होते. असं संरक्षण जन्मभर पुरतं. लशीचा भार कोवळ्या शरीराला सोसत नाही. गोवर आलाच, तर व्हिटॅमिन ए पाजलं की झालं. वाचायला पटण्यासारखं आहे, म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

‘गोवराने प्रतिकारशक्ती पक्की होते.’ प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं. एखाद्या जंतूशी पहिल्यांदा गाठ पडते, तेव्हा त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, पुरेशी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लढाई संपल्यावर शरीर त्या जंतूची ओळख ठेवणाऱ्या पेशी राखून ठेवतं. त्यांना स्मरणपेशी म्हणतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या लगेच कामाला लागतात. गोवराचा विषाणू घुसतो तो याच पेशींमध्ये. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी१५० नावाचं प्रथिन असतं, त्याला चिकटून तो आत शिरतो. श्वासातून आलेला विषाणू फुप्फुसातल्या पहारेकरी पेशींवर स्वार होऊन जवळच्या लसिका गाठींत पोहोचतो, आणि तिथे तर स्मरणपेशींची दाटीच असते. पुढे दोनेक आठवड्यांनी अंगावर पुरळ उठतं. त्या वेळी टी-पेशी नावाच्या शरीराच्या लढाऊ पेशी त्वचेतल्या बाधित पेशी मारत असतात. उष्णता बाहेर पडण्याचा इथे काही संबंध नाही. बाधित झालेल्या स्मरणपेशीही याच लढाईत मरतात. मूल गोवरातून बरं होतं, पण आधी ओळखीचे झालेले इतर जंतू त्याच्या शरीराला अनोळखी होऊन बसतात.

हा नुसता तर्क नाही. २०१३ साली नेदरलँड्समधल्या लस न घेणाऱ्या समाजात गोवराची साथ आली. तिथल्या ७७ मुलांचं साथीपूर्वीचं आणि गोवरानंतरचं रक्त तपासलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की, इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाला होता. गोवराची लस घेतलेल्या मुलांत अशी घट आढळली नाही. ती प्रतिपिंडं परत मिळवायची तर मुलाला त्या त्या जंतूला नव्याने सामोरं जावं लागतं, म्हणजे पुन्हा आजारपणं आलीच. गोवरानंतर मूल महिनोन्‌महिने ‘सारखं आजारी’ असतं, हा घराघरांतला अनुभव यातूनच समजतो.

‘नैसर्गिक संरक्षण जन्मभर टिकतं.’ हे खरं आहे. १८४६ साली उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर गोवर पसरला. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून जास्त माणसं आजारी पडली, पण १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेले म्हातारे बचावले. तरुण डॉक्टर पीटर पानुम यांनी ही नोंद केली. पण त्या संरक्षणासाठी आधी गोवर सोसावा लागतो, आणि न्यूमोनिया, मेंदूला सूज, कधी काही वर्षांनी उद्भवणारा एसएसपीई हा मेंदूचा जीवघेणा विकार, हे धोके त्याच्याबरोबरच येतात. लशीतही जिवंत विषाणूच असतो, मात्र दुबळा केलेला. तिच्या दोन डोसांनी शंभरातल्या सुमारे ९७ जणांना संरक्षण मिळतं आणि ते दीर्घकाळ टिकतं.

‘कोवळ्या शरीराला भार होतो.’ बाळ जन्मल्या दिवसापासून त्याच्या त्वचेवर आणि आतड्यात असंख्य जीवाणू वस्ती करतात. त्यापुढे मोजकी प्रथिनं असलेला एक दुबळा विषाणू किती तो! पहिला डोस नऊ महिन्यांपर्यंत थांबवतात त्याचं कारण वेगळं आहे: आईकडून आलेली प्रतिपिंडं त्याआधी लशीतला विषाणू निकामी करू शकतात. टोचल्यावर आठवडाभराने थोडा ताप किंवा फिकं पुरळ आलं, तर घाबरू नका.

‘व्हिटॅमिन ए पुरेसं आहे.’ गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस रोज एक असे त्याचे दोन डोस द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. त्याने मृत्यू आणि डोळ्यांची हानी टळू शकते. पण त्याने गोवर होणं थांबत नाही. शिवाय ते यकृतात साठतं, त्यामुळे घरच्या घरी मनाने पाजत राहणं घातक आहे.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत गोवराने मुलं दगावली. बाधित माणूस निघून गेल्यावरही हा विषाणू बंद खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, आणि नऊ महिन्यांखालच्या बाळांना एरवी लस देत नाहीत. त्या साथीत लागण जास्त असलेल्या भागांसाठी सहा महिन्यांपासून जादा डोस देण्याचं ठरलं. तो घेतला तरी नऊ ते बारा महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांचा हे दोन्ही नेहमीचे डोस घ्यावेच लागतात. यातला एखादा राहून गेला असेल, तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. बाळाचं कार्ड घेऊन आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा.