मंगळाचं पाणी आणि आमच्या गच्चीचे पाइप

गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायच्या कामाचं एस्टिमेट मंजुरीला आलं होतं. तीन वर्षं रखडलेला विषय. आता होणार असं वाटत असतानाच आमचे काका (सख्खे, बी विंग) उठले, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मोबाइलवरचा एक फॉरवर्ड खणखणीत आवाजात वाचू लागले. लोक हसले, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या आणि विषय 'पुढच्या बैठकीत' गेला. पुण्यातल्या उंड्रीत, मार्चपासून दिवसाला तीन टँकर घेणाऱ्या सोसायटीत!

फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. मजकूर साधारण असा: मंगळावर पाणी सापडलं, आमच्या नळाला कधी सापडणार? चांद्रयानाच्या पैशांत देशात घरोघरी नळ आला असता. चंद्रावर पाणी आहे हे आपल्या ग्रंथांत आधीच लिहिलंय. मंगळाच्या पोटात महासागर आहे, वीस वर्षांत तिकडून पाणी आणतील, मग इथे पाणी साठवायला खर्च कशाला? आणि शेवटी, सामान्य माणसाला या शोधाचा उपयोग शून्य.

म्हणजे शोधाचा उपयोग शून्य, पण पाणी मात्र तिकडूनच येणार. निदान पाठवण्याआधी स्वतः एकदा वाचा ना!

पैशांचं आधी उरकतो. चांद्रयान-3 चा खर्च सुमारे 615 कोटी. देशात ग्रामीण घरं 19 कोटींच्या वर आहेत. भागाकार करा, घरटी बत्तीस रुपये येतात. त्यात नळाची तोटीसुद्धा येत नाही. घरोघरी नळ द्यायच्या जल जीवन मिशनचा 2019 मधला आराखडाच 3.60 लाख कोटींचा होता. तेव्हा पैसा चंद्रावर गेला म्हणून नळ कोरडा, हा हिशोब कुठल्याच वहीत बसत नाही.

ग्रंथांचं म्हणाल तर वराहमिहिरानं चंद्राला 'सलिलमय', म्हणजे पाण्यानं बनलेला, म्हटलंय, हे खरं. त्याच श्लोकात चंद्राचा उजेड सूर्याच्या किरणांचा आहे असंही म्हटलंय, आणि ते बरोबर आहे. पण 2009 मध्ये चांद्रयान-1 वरच्या नासाच्या उपकरणानं जे दाखवलं, त्याचा हिशोब वरच्या थरातली टनभर माती पिळली तर फार तर लिटरभर पाणी, असा होता. याला सलिलमय म्हणायचं, तर आमची कोरडी बोअरसुद्धा सलिलमयच.

आता तो महासागर. मीटिंग मोडली ती याच मुद्द्यानं, म्हणून इथे जरा थांबतो.

त्यात काडीइतकं तथ्य आहे. इनसाइट यानानं मंगळावर भूकंपमापक ठेवला होता. त्याच्या नोंदींवरून 2024 मध्ये एका अभ्यासात म्हटलं गेलं की, खडकांच्या भेगांमध्ये द्रवरूप पाणी असू शकतं. किती खोल? साडेअकरा ते वीस किलोमीटर. काका, आपली बोअर साडेचारशे फूट आहे आणि बोअरवाल्यानं फुटाप्रमाणे पैसे लावल्यावर तुम्हीच आठवडाभर बोलत होतात. मंगळावर पाणी लागलंच तर ते साडेसदतीस हजार फुटांच्या खाली लागेल. रेट विचारून ठेवा.

पाणी वर आलं असं धरू. आणायचं कसं? आपलं सगळ्यात ताकदवान रॉकेट एलव्हीएम-3. त्यानं चांद्रयान-3 नेलं, तेव्हा यानाचं सगळं वजन होतं 3,900 किलो. आपल्या गेटातून आत येणारा टँकर दहा हजार लिटरचा, म्हणजे दहा टनांचा. निम्मा टँकरसुद्धा झाला नाही, आणि तोही जायचा, यायचा नव्हे. अमेरिकेनं अपोलोच्या सहा फेऱ्यांत माणसं चंद्रावर उतरवून जी दगडमाती आणली ती 382 किलो. गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्यानं निम्मीही भरली नसती. मंगळावरून तर आजवर कुठल्याही यानानं चमचाभर मातीही परत आणलेली नाही.

शिवाय फिनिक्स यानाला 2008 मध्ये तिथल्या मातीत परक्लोरेट सापडलं. हे क्षार थायरॉइडला आयोडीन मिळू देत नाहीत. काकू रोज सकाळी उपाशीपोटी कुठली गोळी घेतात, ते मी सांगायला नको.

आणि आता गच्ची. आपल्या एका विंगची गच्ची सहाशे चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे चार लाख वीस हजार लिटर. वीस टक्के गळती, बाष्प, पहिल्या पावसाची घाण म्हणून सोडून द्या, तरी तेहतीस टँकर उरतात. एका विंगचे. हे पाणी आज पन्हाळीतून गटारात जातं आणि आपण मंगळाची वाट बघतोय.

'सामान्य माणसाला उपयोग शून्य' यातलं एवढं मात्र मनाविरुद्ध कबूल करतो की मंगळावरच्या पाण्यानं कुणाची बादली भरणार नाही. बातम्याही फुगवल्या जातात. मंगळाच्या उतारांवरच्या काळ्या रेघा म्हणजे खारं पाणी, असं 2015 मध्ये वाजतगाजत सांगितलं गेलं. दोन वर्षांनी दुसरा अभ्यास म्हणाला, ती बहुधा कोरडी घसरणारी वाळू आहे. लोक वैतागले तर नवल नाही.

पण परग्रह असो की पृथ्वी, लांबून, हात न लावता शोध घ्यायची विद्या एकच आहे. 2002 मध्ये ग्रेस नावाचे दोन उपग्रह सोडले, एकामागे एक, सुमारे 220 किलोमीटरचं अंतर ठेवून. खाली वस्तुमान जास्त असेल तिथे पुढचा किंचित ओढला जातो आणि अंतर बदलतं. तो बदल केसाच्या जाडीहूनही बारीक मोजायचा. जमिनीतलं पाणी उपसलं की तिथलं वस्तुमान घटतं, तेही यात दिसतं. त्यावरून मॅथ्यू रॉडेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्लीखालून सहा वर्षांत 109 घन किलोमीटर भूजल उपसलं गेलं. आपल्या भाषेत सांगतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली की 29 टीएमसी (अब्ज घनफूट) होतात. तशी जवळजवळ 130 वेळा भरून रिकामी केली, एवढं पाणी. जमिनीवरून कुणाला हे अख्खं चित्र दिसलं नव्हतं. मंगळामुळे ग्रेस जन्माला आला असं मी म्हणत नाही. पण हीच युक्ती पुढे 2012 मध्ये ग्रेल नावाच्या जोडीनं चंद्राभोवती वापरली. युक्ती एकच, कामं दोन.

इथलंही सांगतो. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी असतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. त्या जागा हुडकायला उपग्रहांच्या चित्रांवरून भूजलाचे नकाशे केलेत, हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानं, पेयजल मोहिमेसाठी. आपण काय केलं? पाणाड्या बोलावला. तळहातावरचा नारळ उभा राहिला, सगळ्यांनी फोटो काढले, आणि साडेचारशे फुटांपर्यंत राखाडी पीठ उडालं. पाणी जेमतेम टाकीचा तळ ओला करण्याइतकं. पाणाड्याचं नाव कुणी सुचवलं होतं, ते मीटिंगच्या वहीत आहे.

राहता राहिला काकांचा स्वतःचा मुद्दा: 'पुण्याचा मंगळाशी काय संबंध?' 19 ऑक्टोबर 2016 ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण सिग्नल ऐकत होती ती नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. यान आपटलं, हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या त्याचाही फॉरवर्ड येईल. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं. काका, गाडी मी काढतो, काकूंनाही घेऊ.

गच्चीच्या पाइपांचं एस्टिमेट येत्या रविवारी परत येतंय. तेव्हा त्यातल्या आकड्यांवर बोला, पाइपच्या इंचांवर भांडा. मंगळ काढू नका.