रांगेचा गोल करा!

दर महिन्याच्या ९ तारखेला नाशिकच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात डोकावून बघा. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून सुरू आहे, गरोदर बायांची तपासणी फुकट होते. योजना चांगलीच आहे. मागे भाचीबरोबर गेले होते. सिडको, अंबडकडच्या पोरी भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत कार्ड आणि डबा. नंबर लागला की वजन, बीपी, पोटावर हात, गोळ्यांची पाकिटं, "चला, पुढची!" भाचीने विचारलं, बीपी किती आलं? "तुला काय करायचंय? नॉर्मल आहे."

बीपी तिचं, पोट तिचं, आणि तिला काय करायचंय!

बाहेर रांगेत मात्र बायका मोकळ्या बोलत होत्या. एकीला लोहाच्या गोळीने मळमळायचं, म्हणून ती गोळ्या सरळ फेकून द्यायची. दुसरी म्हणाली, "अगं, रात्री जेवून घे. आणि चहासोबत नको हं." अगदी बरोबर सांगितलं तिने. तिसरीने पिकलेल्या पपईचीही भीती घातली, तिचा गैरसमज दूर करायला तिथे कुणी नव्हतं.

मग त्या रांगेचाच गोल का करू नये? अमेरिकेत शेरॉन रायझिंग या नर्स-मिडवाइफने १९९० च्या दशकात हेच केलं. साधारण एकाच महिन्यात बाळंत होणाऱ्या ८ ते १२ जणी, दीड-दोन तास, सोबत एक जाणकार सिस्टर. वजन-बीपी बायका स्वतः घेतात, स्वतःच लिहून ठेवतात. पोटाची तपासणी एकेकीची, बाजूला. म्हणजे "सगळ्यांसमोर कसं?" हा प्रश्नच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये याला जपूनच होकार दिला: संशोधनाच्या चौकटीत, बाईची इच्छा असेल तर. ठीक आहे, जपूनच करा, पण सुरू तर करा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही बीपी वाढल्याची खूण असू शकते. स्वतःचा बीपीचा आकडा माहीत असलेली बाई असं झालं, तर "उन्हाचं असेल" म्हणून घरी पडून राहणार नाही. आपल्या आशाताई हे गट सहज जमवतील. फक्त त्यांच्या कामाचे पैसे द्या, नाहीतर आणखी एक रजिस्टर त्यांच्या गळ्यात पडायचं.

आता लेबर रूम. "तेव्हा नाही का ओरडलीस?" हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई माझ्या ओळखीत तरी कमीच. खाजगीत तोंड गोड असतं, पण विचारलेल्याचं उत्तर तिथेही मिळेलच असं नाही. प्रसूतीच्या वेळी सरकारी दवाखान्यात जवळची एक बाई सोबत ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिली. लेबर रूम सुधारण्यासाठीच्या केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानाची वागणूक लिहिलेली आहे. कागदावर सगळं आहे हो! दारावरच्या मावशी मात्र आईला बाहेर काढतात. सिस्टरवरही सगळं ढकलू नका, एकटीने रात्रभर किती खाटा सांभाळायच्या तिने?

नवऱ्यांना गटात बोलवावं का, यावर आमच्या घरी अजून जुंपते. माझं मत, एखाद्या बैठकीला बोलवा, सगळ्या नको. ते आले की बायका गप्प होतात.

तुमच्या भागातल्या दवाखान्यात काय चालतं? सातपूर, नाशिकरोड, पेठ, सुरगाणा, कुठलंही असो. दवाखान्याचं नाव नको, काय झालं ते लिहा.