थोरल्या आजीला टीपेत का टाकलं नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच माणसाची दोन लग्नं कशी नोंदवावीत, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : "एक लग्न तक्त्यात घ्यावं, दुसरं टीपेत. घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला? आणि हौशी लोकांनी आधी कायदा वाचावा."

कायद्याचं मान्य. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी द्विभार्याबंदी 1946च्या कायद्याने आली, मी 1955 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. पण हे सरळ सांगता आलं असतं. 'हौशी' म्हणून हिणवायचं काय कारण? गिरगावच्या आमच्या खोलीतले कागद अकरा वर्षं लावतोय मी.

आता ती 'धुणी'. आजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली. मागे दोन वर्षांचा मुलगा, माझा थोरला काका. आजोबा बिजवर म्हणून माझ्या आजीशी बोहल्यावर उभे राहिले. यात झाकण्यासारखं काय आहे, सांगा ना! त्या थोरल्या आजीचा फोटो नाही. माळ्यावर पितळेची एक कळशी आहे, गळ्याखाली ठोक्याठोक्याने तिचं नाव घातलेलं. चिंचेने घासून घासून शेवटचं अक्षर पुसट झालंय, बोट फिरवलं की लागतं. एवढीच तिची घरातली खूण. तिला मी टीपेत टाकू?

आणि टीपेत टाकल्यावर काय होतं, ते आपण एकदा तरी करून पाहिलंय का? ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये मूल नुसत्या बापाला जोडत नाहीत, कुटुंबाच्या नोंदीला जोडतात. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात वंशावळ न्यायला जी जेडकॉम (GEDCOM) फाइल वापरतात, तिच्यातही तेच. दुसरं लग्न म्हणजे दुसरी कुटुंबनोंद, नवरा दोन्हीकडे तोच. थोरलीची नोंदच केली नाही, तर काका एक तर माझ्या आजीच्या पोटी जातो, नाहीतर बिनआईचा राहतो. थोरलीच्या माहेरचा धागाही तिथेच तुटतो.

लग्नांचा क्रम चुकतो, तक्ता रुंद होतो वगैरे तक्रारींत मी शिरत नाही. क्रम हाताने लावता येतो, तेवढं शोधायचे कष्ट आपणच घ्या.

काका शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळले होते. छापलेला तक्ता त्यांच्यापुढे धरला, तर स्वतःचं नाव सोडून ते आधी वरच्या चौकटीत आईचं नाव शोधू लागले. सापडल्यावर तक्ता उशाशी ठेवून घेतला, परत दिला नाही.