टाचण यंत्राचं चालेल, पण समास तुमचा हवा

मी छात्राध्यापकांचे सराव पाठ बघते. गेली दोन-तीन वर्षं पाठटाचणं फार देखणी येऊ लागली आहेत. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही. चॅटजीपीटीला विचारून टाचण केलं हे सांगताना मुलांना चोरी पकडल्यासारखं होतं. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणतात, "मॅडम, वेळ खूप वाचतो." आणि लगेच, "पण मग उद्या आमची गरज राहील का?"

ही भीती मला समजते. मला मात्र घोर लागला तो अपूर्णांकांच्या एका पाठानंतर. एका मुलाने फळ्यावर १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. शिकवणारीने ते पुसून ५/६ केलं. तो म्हणाला, "वरचे वरच्यात, खालचे खालच्यात मिळवले, त्यात चुकलं काय?" ती टाचणाकडे बघत राहिली. तिथे एवढंच विचारायचं होतं: अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं? पोराने चूक स्वतःच धरली असती.

विषय येणं वेगळं आणि तो शिकवता येणं वेगळं, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं. 'मुलं इथे कुठे चुकतात?' हा प्रश्न तिला यंत्रालाही विचारता आला असता. पण तो विचारायचा असतो, हेच आम्ही तिला शिकवलं नव्हतं. दोष आमचा आहे.

आम्ही काय करतो? तासाभराची कार्यशाळा, चार अ‍ॅपची ओळख आणि नक्कल पकडण्याची तंबी. पकडणार कशाने? खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने यंत्राचा मजकूर ओळखणारं साधन २०२३ च्या जानेवारीत आणलं आणि जुलैत मागे घेतलं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला होता, आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने यंत्राचा शिक्का मारला होता. असल्या आधारावर कुणा विद्यार्थ्याला खोटं ठरवायचं?

युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी एआय क्षमतांचा आराखडा दिला. त्यातल्या पाच अंगांत पहिलं माणूसकेंद्री दृष्टीचं आहे, दुसरं नीतीचं. तंत्र तिसरं. आमच्याकडे सुरुवातच तिसऱ्यापासून होते.

आता मी यंत्राचं टाचण उघडपणे आणायला सांगते. अट एकच: काय बदललं आणि का, ते समासात लाल शाईने लिहायचं. त्याच मुलीच्या पुढच्या टाचणात एका उदाहरणाशेजारी लिहिलं होतं, "हे काढलं. उत्तर बरोबर आहे, पण मुलं इथे छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा असं समजतील."